चुकलं तर गाडी कुठे थांबेल?

आमच्या जीपचं हेड उतरवावं लागणार हे नक्की झालं, तेव्हा घरात दोन तट पडले. धाकट्या भावाचं म्हणणं, आडगावच्या ट्रक टर्मिनलजवळ एखाद्या गॅरेजात टाका आणि मोकळे व्हा. अण्णांचं म्हणणं, आपण उतरवू. मी मधे. अण्णांचे हात आता थरथरतात, जवळचं नीट दिसत नाही. त्यामुळे ‘आपण’ म्हणजे प्रत्यक्षात मी, हे तिघांनाही माहीत होतं.

जीप २००३ सालची, डिझेल. दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या मळ्यावर राबलेली. द्राक्षांचे क्रेट, शेणखताची पोती, औषधांचे ड्रम, छाटणीचे मजूर, लग्नसराईत पाहुणे असं सगळं तिने वाहिलंय. पंधरा वर्षं झाली तेव्हा पेठ रोडच्या आरटीओत नेऊन तिचं पासिंग करून घेतलं, नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली, पुन्हा मुदत आली तेव्हा पुन्हा. नवी घ्यायचा विषय निघतो आणि दरवेळी बागेचा खर्च पुढे येतो.

दुखणं उन्हाळ्याच्या शेवटी सुरू झालं. माल निघून गेला होता, खरड छाटणीही आटोपली होती. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढताना काटा लाल खुणेकडे जायला लागला. सपाटीवर ठीक, चढाला गरम. मळ्यावर रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं बोअरचं पाणी पडतं. तिथे सगळेच तसं करतात, कुलंट विकत कोण आणतो. त्या पाण्यातले क्षार आतल्या नळ्यांमध्ये थर धरतात, नळ्या अरुंद होतात, इंजिनाची उष्णता बाहेर पडायची वाट बंद होत जाते. मग पाणी कमी व्हायला लागलं. खाली थेंबही गळत नव्हता, तरी रोज सकाळी लिटरभर घालावं लागे.

भावाने दिंडोरी रोडला एका ठिकाणी दाखवली. तिथल्या मिस्त्रीने बॉनेटवर हात ठेवून, इंजिन चालू न करताच सांगितलं, ‘हाफ इंजिन करावं लागेल.’ म्हणजे हेड, रिंगा, पिस्टन, बेअरिंग, सगळं. सांगितलेला आकडा ऐकून भाऊ गाडी घेऊन सरळ सातपूरला माझ्याकडे आला आणि अंगणात लावून गेला.

गाडी दुरुस्तीला देणार असा की स्वतः करणार असा, बिघाडाचं निदान स्वतः करून बघायलाच हवं असं मला तेव्हापासून मनापासून वाटतं. निदानाला पैसे लागत नाहीत आणि त्यात काही मोडत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते. आठवीच्या मुलांना जे सांगते तेच इथे केलं: एका वेळी एकच गोष्ट तपासायची. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढलं. गरम असताना ते कधीही उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. पाणी काठोकाठ भरलं आणि इंजिन सुरू केलं. काही क्षणांतच पाण्यात बुडबुडे यायला लागले, आणि थांबेनात. वास घेतला तर धुराचा. मग झाकण लावलं. वरचा होज अजून थंडच होता, पण दाबून पाहिला तर टणक. पाणी तापायच्या आत होज टणक होतो याचा अर्थ आत पाण्याची वाफ नाही, सिलिंडरमधला वायू शिरतोय. ऑइलची पट्टी काढली, ऑइल काळंच होतं, चहाच्या रंगाचं झालं नव्हतं. म्हणजे पाणी ऑइलमध्ये जात नव्हतं. धूर निळा नव्हता, पिकअप चांगला होता, ऑइल कमी होत नव्हतं. रिंगा-पिस्टन गेल्याची एकही खूण नाही.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबूनच इतकी तापवायची की आत फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. त्यासाठी हवा सोळा ते बावीस पट दाबतात. एवढा दाब वरून रोखून धरतं ते हेड, आणि हेड व ब्लॉक यांच्यामध्ये असतं गॅस्केट. त्याच गॅस्केटमधून पाण्याच्या वाटाही जातात आणि ऑइलच्याही. इंजिन वारंवार तापलं की हेडचा धातू किंचित वाकतो, गॅस्केटवरची पकड एखाद्या जागी सैल होते आणि जळता वायू तिथून वाट काढतो. आमच्याकडे तेच झालं होतं. ‘हाफ इंजिन’ची गरज नव्हती. इथवर मी, अण्णा आणि भाऊ तिघांचं एकमत झालं. आता काम कुणी करायचं हाच प्रश्न होता.

अण्णांची सगळी नोकरी सातपूरच्या मायकोत गेली. २००८ मध्ये कंपनीचं नाव बॉश लिमिटेड झालं, तोवर ते निवृत्त झाले होते, आणि त्यांच्या तोंडी अजून मायकोच आहे. डिझेलचे नोझल जिथे तयार होतात तिथे ते ग्राइंडिंगला होते. नाशिकमध्ये असे लोक खूप आहेत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आयुष्य काढलेले फिटर, टर्नर, टूलरूमवाले. महिंद्राच्या सातपूरच्या कारखान्यात असेंब्लीवर उभे राहिलेले. त्र्यंबक रोडच्या आयटीआयमधून बाहेर पडलेले. या शहरात गाडी स्वतः उघडायची इच्छा होते ती उगाच नाही. प्रत्येक गल्लीत मायक्रोमीटर हाताळलेला एक तरी माणूस राहतो, आणि त्याला विचारायला गेलं तर तो जेवण सोडून येतो.

पण माझ्यासाठी महत्त्वाचं हे की अण्णांनी आयुष्यात कधी घरी नोझल उघडला नाही. इतरांनी घाबरून न उघडणं वेगळं. हे तर ते स्वतः बनवत होते. लहानपणी मी विचारलं होतं, तेव्हा त्यांनी वहीत आकृती काढून दाखवली. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. नोझलची सुई आणि ती ज्यात सरकते ती बॉडी यांच्यातली फट २ ते ४ मायक्रॉन. सुई आणि बॉडी एकमेकांसाठी जुळवून घेतलेली असतात. एकाची सुई दुसऱ्यात घातली तर दोन्ही नोझल गेले. अंगणात वाऱ्याबरोबर येणारा धुळीचा कण त्या फटीपेक्षा मोठा असतो. ‘जे मोजायचं साधन आपल्याकडे नाही, ते उघडायचं नाही,’ असं ते म्हणत. आपल्या कामाची ज्याला पूर्ण जाण आहे, त्यालाच त्यातल्या मर्यादा इतक्या नेमक्या सांगता येतात.

त्यांचा दुसरा प्रश्न याहून साधा: ‘चुकलं तर गाडी कुठे थांबेल?’ हेड बसवताना चुकलं तर गाडी अंगणात सुरू होणार नाही, किंवा पाणी गळेल, किंवा गल्लीच्या टोकाला गरम होईल. पैसे आणि वेळ जाईल. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये चुकलं तर ते कळेल कसारा घाटात किंवा गडाच्या उतारावर, आणि गाडीत भावासोबत दहा मजूर असतील. हेडचं काम ब्रेकच्या कामापेक्षा दसपट मोठं, किचकट आणि महाग आहे. तरीही घरी करायला दोन्हींपैकी हेडच बरं. बाहेर सगळे उलट समजतात. इंजिन म्हटलं की माणूस हात मागे घेतो आणि ब्रेकचं काम ‘त्यात काय’ म्हणून रविवारी उरकतो. कामाचा आकार बघून निर्णय घेणं मला पटत नाही.

वेळेचाही प्रश्न होता. हेच दुखणं फेब्रुवारीत, माल काढणीच्या भरात आलं असतं तर मी पान्याला हात लावला नसता. तेव्हा जीप एक दिवस थांबली तर क्रेट हलत नाहीत, व्यापाऱ्याची गाडी उभी राहते. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पाऊस झाला आणि डाऊनीची फवारणी करायची असेल तेव्हाही नाही, तिथे तासांचा हिशेब असतो. पण जूनमध्ये पाऊस लागला होता आणि दसऱ्यापर्यंत जीपवाचून मळ्याचं फारसं अडणार नव्हतं. घरच्या कामाला वेळ हाताशी लागतो. घाईत उघडलेलं इंजिन हेच घरी करण्याविरुद्धचं सगळ्यात मोठं कारण आहे.

क्लचच्या वेळी मी असा विचारही केला नव्हता. हेडच्या या दुखण्याआधी जीपची क्लच प्लेट गेली होती. त्या कामाला गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो, तो दोन माणसांना जड, आणि आमच्या अंगणात खड्डा नाही, लिफ्ट नाही. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये, हे मी ओळखीच्या प्रत्येकाला बजावत आले आहे. जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. खाली लोखंडी घोड्या लागतात, आणि घोड्यांखाली पक्की फरशी. पावसात फुगलेल्या मातीत घोडी हळूहळू रुतते. ते काम सरळ चाचांकडे गेलं.

चाचा म्हणजे द्वारकेच्या पुढे, वडाळा नाक्याच्या बाजूला गॅरेज असलेले आमचे मिस्त्री. अण्णांच्या पहिल्या स्कूटरपासून त्यांच्याकडे जातो. या वेळी मी त्यांच्याकडे गेले ते गाडी न घेता. म्हटलं, ‘चाचा, हेड मी उतरवते. फेसिंगला मी नेते. बसवायच्या दिवशी तुम्ही या, माझ्या शेजारी उभे राहा. दिवसाची मजुरी तुम्ही सांगाल ती.’ ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, ‘टॉर्क पाना आहे का?’ म्हटलं, अण्णांच्या मित्राचा आहे. ‘आणि घाई?’ म्हटलं, नाही. ‘मग या ताई, बोलवा.’

उघडायचं काम मला वाटलं त्यापेक्षा कमी ताकदीचं आणि जास्त शिस्तीचं निघालं. पहिल्यांदा बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. पाणी काढलं. मग प्रत्येक होज, प्रत्येक वायर, प्रत्येक पाइप सोडण्याआधी मोबाइलवर फोटो. डिझेलचे पाइप सुटले की लगेच दोन्ही टोकांना स्वच्छ प्लॅस्टिकचे तुकडे बांधायचे, हे अण्णा खुर्चीत बसून पुन्हा पुन्हा सांगत होते. धूळ आत गेली की त्यांची सगळी नोकरी वाया. रॉकरची शाफ्ट निघाली, त्याखालचे पुशरॉड निघाले. ते वर्षानुवर्षं आपापल्या जागी घासून बसलेले असतात, त्यांची अदलाबदल करायची नाही. म्हणून मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने खोचून ठेवले. नट-बोल्ट जिथले तिथले वेगळ्या पुड्यांत, वर पेनाने नाव. शाळेच्या प्रयोगशाळेत मी हेच करते.

हेडचे बोल्ट सोडतानाही क्रम असतो: बाहेरून मधे, थोडे थोडे. एकदम एका बाजूने सोडले तर हेड आणखी वाकतं. हेड उचलायला भाऊ आणि शेजारचे काका आले. खाली गॅस्केट दिसलं आणि माझं समाधान झालं. दोन सिलिंडरांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवरून पाण्याच्या भोकापर्यंत काळी जळकी रेघ गेली होती. सिलिंडरच्या भिंतींवर बोट फिरवलं, वरच्या टोकाला काठ लागत नव्हता, चरे नव्हते. ब्लॉक चांगला होता. बॉनेटवर हात ठेवून सांगितलेलं ‘हाफ इंजिन’ तिथे निकालात निघालं.

अण्णांची सरळपट्टी अजून तेल लावून फडक्यात गुंडाळलेली असते. ती हेडवर कर्णात ठेवली, खाली फिलर गेजची सगळ्यात पातळ पट्टी सरकवली. मधोमध ती सहज गेली, त्यापुढची जाडही गेली. हेड वाकलं होतं. तीच पट्टी ब्लॉकवर सगळ्या दिशांनी ठेवून पाहिली, तिथे कुठेच गेज शिरला नाही.

इथे घरचं काम संपलं. हेड फेस करायला मशीन लागतं आणि ते कुणाच्या अंगणात नसतं. अंबडला एका मशीन शॉपमध्ये ते नेलं. त्यांनी आधी सगळ्या वाटा बंद करून, आत हवा भरून, पाण्यात बुडवून तडा आहे का ते पाहिलं. नव्हता. मग पृष्ठभाग घासून सपाट केला, किती घेतला तेही लिहून दिलं, कारण जास्त घेतला की व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात आणि दाबाचं गणित बदलतं. व्हॉल्व्हच्या सीट त्यांनीच कापल्या. नोझल गेले पंपवाल्याकडे. त्याच्या टेबलावरचा हातपंप दाबला की काटा २०० बारच्या पुढे जातो आणि डिझेल धुक्यासारखं फुटतं. गाडीच्या टायरमध्ये जेमतेम दोन-अडीच बार दाब असतो, यावरून कल्पना यावी. त्या फवाऱ्यापुढे बोट धरलं तर डिझेल कातडी फोडून मांसात शिरतं, त्यावर शस्त्रक्रियाच करावी लागते. एक नोझल थेंब टाकत होता, तो बदलला. रेडिएटर गेला रेडिएटरवाल्याकडे. त्याने वरची आणि खालची टाकी सोडून नळ्यांमध्ये सळई घातली. जो पांढरा चुरा बाहेर पडला त्यावरून कळलं की गॅस्केट ही फक्त शेवटची तक्रार होती. रेडिएटर तसाच बसवला असता तर नवं गॅस्केटही उडालं असतं, मग ते मी बसवलेलं असो की मोठ्या गॅरेजने.

स्वतः करणं आणि करून घेणं हे दोन पर्याय म्हणून समोर येतात, पण प्रत्यक्षात काम चार-पाच हातांतून जातं. चांगलं गॅरेजसुद्धा हेड फेसिंगला बाहेरच पाठवतं आणि नोझल पंपवाल्याकडेच देतं. आपण निवडतो ते फक्त कोणता तुकडा कुणाच्या हाती द्यायचा एवढंच. ‘मी सगळं घरीच केलं’ असं कुणी मोठ्या दुरुस्तीबद्दल म्हणालं, तर कुठलीतरी मोजणी राहून गेली असणार असं मला वाटतं.

बसवायच्या दिवशी चाचा सकाळीच आले. त्यांनी माझे पुठ्ठे, पुड्या पाहिल्या, काही बोलले नाहीत. ब्लॉकच्या पृष्ठभागावर तळहात फिरवला. मग बोल्टच्या एकेका भोकात नुसत्या हाताने बोल्ट फिरवत तळापर्यंत नेला आणि पुन्हा काढला. मी भोकं फडक्याने पुसली होती, हवाही मारली होती. तरी ते प्रत्येक बोल्ट हाताने फिरवत होते. विचारलं तर म्हणाले, ‘भोकात तळाशी पाणी किंवा तेल राहिलं ना ताई, तर बोल्ट आवळताना ते दाबलं जातं, जाणार कुठे? पाना म्हणतो आवळलं, आणि हेड सैल. कधी कधी ब्लॉकच फुटतो. हाताला कळतं.’ मॅन्युअलात भोकं स्वच्छ करा एवढं एक वाक्य आहे. हाताला काय कळतं ते त्यात नाही. त्या दिवशीच्या मजुरीतला मोठा वाटा या एका गोष्टीचा होता असं मी मानते.

नवं गॅस्केट अस्सल घेतलं. तिथे पैसे वाचवायचे नाहीत यावर चाचा आणि अण्णा एक होते. हेड ठेवलं, बोल्ट आधी बोटांनी, मग मॅन्युअलात दिलेल्या क्रमाने मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने. पाना माझ्या हातात, अण्णा क्रमांक वाचणार, चाचा बघणार. पुशरॉड आपापल्या जागी गेले. टॅपेटची फट गेजने लावताना चाचांनी माझं बोट पकडून गेज ओढायला लावला: घट्ट नको, सुळसुळीत नको, किंचित ओढ लागली पाहिजे. मग डिझेलमधली हवा काढायची. हातपंप मारत राहायचं, पाइपचा नट सैल करायचा, बुडबुडे थांबून नुसतं डिझेल यायला लागलं की आवळायचा. स्टार्टर मारला. पहिल्यांदा नुसतं फिरलं. थोडं थांबून पुन्हा मारला, एक सिलिंडर बोलला, दुसरा, आणि मग चारही. पांढरा धूर निघाला आणि विरला. रेडिएटरचं झाकण उघडंच होतं, त्यात एकही बुडबुडा आला नाही.

पैशांचं बोलायचं तर मजुरीत जे वाचलं त्यातला बराच भाग टॅपेटचे गेज, चांगला गोटी सेट आणि चाचांचा दिवस यात गेला. पैसे वाचतात म्हणून कुणी हे करू नये. पण त्या पहिल्या गॅरेजच्या ‘हाफ इंजिन’च्या मानाने पाहिलं तर खर्च फारच कमी आला, आणि तो निदानामुळे कमी आला, पान्यामुळे नाही. हे वेगळं करून सांगायला हवं. ज्याला पान्याचा कंटाळा आहे त्यानेही झाकण उघडून बुडबुडे बघावेत, ऑइलची पट्टी बघावी, होज दाबावा. गॅरेजात ‘गाडी तापते, बघा जरा’ म्हणून जाणं आणि ‘थंड इंजिनात बुडबुडे येतात, ऑइल साफ आहे’ म्हणून जाणं यात फार फरक आहे. चांगल्या मिस्त्रीला असं गिऱ्हाईक आवडतं. ज्याला आवडत नाही त्याच्याकडून गाडी परत आणावी.

आणि मजुरीबद्दल मला एक सांगायचंच आहे. स्पेअर पार्टच्या दुकानात आपण छापील किमतीपुढे गप्प बसतो, मशीन शॉपचं बिल मुकाट भरतो, आणि मिस्त्रीच्या मजुरीत शंभर-दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतो. ‘नुसतं बघायचे कसले पैसे?’ असंही म्हणतो. नुसतं बघण्यातच त्याची चाळीस वर्षं असतात. चाचांनी हाताने फिरवलेला बोल्ट मी विसरू शकत नाही. शेजारी उभं राहून शिकवणारा मिस्त्री मिळाला तर त्याच्या वेळेचे पैसे आपणहून द्यावेत.

हे सगळं २००३ च्या जीपबद्दल. माझी स्वतःची छोटी कार एप्रिल २०२० नंतरची, बीएस-६. तिचं बॉनेट उघडून मी पाणी-ऑइल बघते, एअर फिल्टर बदलते, त्यापुढे जात नाही. तिथे बिघाड आधी कॉम्प्युटरला कळतो आणि तो वाचायला स्कॅनर लागतो. प्रश्न असा की तो स्कॅनर, ती माहिती आणि ते सुटे भाग चाचांसारख्यांना मिळतात का. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड सुनावला होता. कारण होतं सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजांना मोकळेपणाने न देणं. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनं आहेत आणि शेतीची अवजारंही आहेत. आमच्यासारख्यांना यातलं दुसरं जास्त लागतं. फवारणीच्या दिवसांत ट्रॅक्टर बंद पडला आणि त्याची माहिती फक्त कंपनीच्या माणसाकडे असली, तर बाग त्याची वाट बघत बसणार नाही. स्वतः करायचं की मिस्त्रीला द्यायचं, हा निर्णय घ्यायची मोकळीक तरी माणसाला उरली पाहिजे. त्यासाठी माहिती खुली हवी. चाचांच्या पुतण्याने आयटीआयमधून मोटर व्हेइकलचा दोन वर्षांचा कोर्स केला आहे, त्याने स्कॅनर घेतलाय. काका इंजिनाचा आवाज ऐकतो आणि पुतण्या स्क्रीन वाचतो. माझी कार मी त्या दोघांकडेच नेते.

जीप लगेच गडावर नेली नाही. आधी सातपूरमध्ये, मग त्र्यंबक रोडने अंजनेरीपर्यंत, परत येऊन थंड झाल्यावर पाणी आणि ऑइल बघायचं, असं करत अंतर वाढवलं. मग भाऊ क्रेट भरून नांदुरीचा घाट चढला आणि वरून फोन केला की काटा मधेच आहे. आता मळ्यावर कुलंटचा कॅन ठेवलाय, बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये जात नाही. परवा त्याने सांगितलं की स्टिअरिंगला ढिलाई आलीय, साठच्या पुढे डावीकडे ओढते. फोनवरच विचारलं, ‘तू बघशील का?’ मी पुढची चाकं उचलून ढिलाई कुठे आहे ते शोधून देईन, आणि गाडी चाचांकडे जाईल.